फणी, कटर आणि दख्खनी लोकर

आटपाडी, माण, जत या पट्ट्यात मेंढरं भादरायची ती सावडीनं. आज आपलं खांड (मेंढरांचा कळप), परवा शेजारच्या वाड्याचं, मग पाव्हण्यांचं. कातर ज्याची त्यानं आणायची, जेवण ज्याचं खांड त्यानं घालायचं. वर्षातून दोनदा हा उद्योग व्हायचा, एकदा उन्हाळा सरताना आणि एकदा पाऊस उघडल्यावर, कडाक्याची थंडी पडायच्या आत. आता कातर धरणारे हात उरलेत ते आबांच्या वयाचे. माझ्या बरोबरीची पोरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात तमिळनाडू-केरळला गेली, नाहीतर पुण्याला कंपनीत लागली. पैसे देऊन माणसं बोलवावीत तर लोकर विकून भादरणावळसुद्धा निघत नाही. दख्खनी मेंढीची एका वेळची लोकर पाव-अर्धा किलो, तीही जाडीभरडी आणि काळी. घोंगडी आणि जेन (अंथरायचं जाड लोकरी वस्त्र) सोडलं तर तिला गिऱ्हाईक नाही. कित्येक जण लोकर तशीच बांधावर टाकून पुढं जातात. पण भादरल्याशिवाय भागत नाही. लोकर वाढली की उन्हाचं मेंढरू धापा टाकतं, पावसात भिजलं की वाळत नाही, आणि गोचीड-उवांना आत घर मिळतं.

म्हणून आम्ही तीन घरांनी मिळून यंत्र घ्यायचं ठरवलं. चौकशी करताना एक गोष्ट ध्यानात आली. सगळे मोटरचे वॅट विचारतात, वायर किती लांब, वॉरंटी किती हे विचारतात, आणि ज्यानं लोकर कापायची त्या पात्याबद्दल ना विकणारा बोलत, ना घेणारा. यंत्र आल्यापासून माझा निम्मा वेळ पात्यांतच गेला, म्हणून तेवढंच लिहितो.

पहिलं यंत्र दाखवायला एक विक्रेता थेट वाड्यावर आला होता. मोटर दणकट होती, पेटी बघण्यासारखी होती. तोंडाला दोन सपाट दातेरी पट्ट्या, एकीवर एक. खालच्या पट्टीला एकतीस बारीक दात, वरच्या पट्टीला त्याच्या जवळजवळ निम्मे. आबांनी एक जून मेंढी पुढं केली. खांद्यापासून यंत्र चालवलं तर चार बोटं जायच्या आत दातांत लोकर गच्च बसली आणि मोटर घरघरून थांबली.

"धार गेली असंल," विक्रेता म्हणाला.

"आत्ताच पिशवीतनं काढलं न्हवं?" आबा म्हणाले. त्यावर तो काही बोलला नाही.

यंत्र वाईट नव्हतं, तोंड चुकीचं होतं. असल्या सपाट पट्ट्या घोडा, गाय, म्हैस यांच्या केसांसाठी असतात. गाईचा केस आखूड, कोरडा आणि सुटा. लोकरीला अंगचं तेल असतं, त्या तेलाला धूळ धरते, आणि सगळं मिळून एक जाड थर अंगावर बसतो. त्या थरात बारीक दातांची सपाट पट्टी शिरतच नाही. काही यंत्रांना दोन्ही प्रकारची तोंडं बसतात, काहींना नाही. बाहेरून दोन्ही यंत्रं सारखीच दिसतात, आणि ऑनलाइन विकताना तर सगळ्यांनाच "मेंढी-बकरी मशीन" म्हणतात. चित्रात तोंड नीट बघून घेतलेलं बरं.

मला फरक कळला तो अविकानगरमुळं. राजस्थानात टोंक जिल्ह्यात मालपुऱ्याजवळ केंद्राची मेंढी आणि लोकर संशोधन संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथं प्रशिक्षणाला गेलो होतो तेव्हा यंत्रावर भादरताना पहिल्यांदा जवळून बघितलं. त्या यंत्राला खाली लांब, सुट्या दातांची फणी होती आणि तिच्यावर चार टोकांचं छोटं कटर. फणी हलत नाही. ती कातडीवरून सरकते, लोकर दातांच्या मधे घेते आणि कातडी खाली दाबून ठेवते. कटर तिच्यावर डावं-उजवं फिरतं, मिनिटाला दोन-अडीच हजार वेळा. रचना काही आजची नाही. फ्रेडरिक वुल्झली नावाच्या माणसानं ऑस्ट्रेलियात १८७७ साली पेटंट घेतलं, आणि १८८८ साली न्यू साउथ वेल्समधल्या डनलॉप इथं एक आख्खा हंगाम यंत्रावर भादरून काढला गेला. यंत्र फिरवायला तेव्हा वाफ होती, आता वीज आहे. तोंडाची जोडी तीच राहिली.

यंत्राला मेंढीसाठीचं तोंड ठरल्यावर फणी कुठली, हा पुढचा प्रश्न. बाजारात सर्रास मिळते ती तेरा दातांची, सुमारे ७६ मिलिमीटर रुंद, आणि तिच्यावर चार टोकांचं कटर. याच्या आजूबाजूला नाना प्रकार आहेत. दात कमी असले की फणी गुंतलेल्या लोकरीत लवकर शिरते, पण दोन दातांच्या फटीत कातडी वर येते आणि कापली जाते. दात जास्त असले की काम गुळगुळीत होतं, कातडी सांभाळली जाते, पण ढकलायला जोर लागतो आणि घाणीनं फणी लवकर तुंबते. अंगोरा बकऱ्यांसाठी वीस दातांची फणी वापरतात, कारण त्यांची कातडी पातळ आणि सैल. दाताच्या टोकाला खालून दिलेला उतारही कमी-जास्त असतो. उतार लांब असला की फणी लोकरीत पटकन घुसते आणि मेंढीच्या कातडीतही तेवढ्याच पटकन घुसू शकते. शिकाऊ हाताला आखूड किंवा मध्यम उतार बरा.

रुंदीचं म्हणाल तर तिकडं तिच्यावरून भांडणं झाली आहेत. ऑस्ट्रेलियात अडीच इंचांपेक्षा रुंद फणी वापरायची नाही असा नियम होता, न्यूझीलंडहून येणारे कातरणारे मात्र रुंद फण्या घेऊन यायचे. त्यावरून १९८३ साली कामगारांनी मोठा संप केला. हे आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मग कुनाची फनी ऱ्हायली?" रुंद फणीच राहिली. आमच्या मेंढीला मात्र फार रुंद फणीचा उपयोग नाही. दख्खनी मेंढी अंगानं बारीक, बरगड्या हाताला लागणाऱ्या, त्यात उन्हाळ्यात तर हाडंच. रुंद फणी बरगडीवर टेकते आणि दोन्ही कडांना हवेत राहते. आम्ही तेरा दातांची साधी फणी आणि मध्यम उतार यावर थांबलो.

फणी एक घेतली तर कटर तीन-चार घ्यावीत, हे अविकानगरलाच कळलं होतं. फणी सगळ्या तेरा दातांवर झीज वाटून घेते. कटरची मात्र चारच टोकं, आणि तीच सगळीकडं धावतात. त्यामुळं एका फणीच्या आयुष्यात कटर दोन-तीनदा बदलावं लागतं. आम्ही पहिल्या वेळी तीन फण्या आणि दहा कटर आणली. दुकानदाराला वाटलं, मी पुढं विकायला नेतोय.

आता लोकरीकडं वळतो, कारण पात्याची धार लोकर घालवत नाही, लोकरीतली माती घालवते. आमचं खांड कधी काळ्या रानात बसवलेलं, कधी मुरमाड माळावर. अंगावर बारीक वाळू, कुसळी गवताची टोकं, गोखरू, पोटाखाली वाळलेली लेंडी. यातलं गोखरू पात्याला परवडतं, ते चिरडून जातं. वाळूचा कण मात्र फणी आणि कटरच्या मधे सापडला की पोलादावर ओरखडा काढतो. भिंगातून फणी बघितली तेव्हा तिच्यावर आडव्या रेघांची जाळी दिसली. कटर ज्या वाटेनं फिरतं त्याच वाटेनं त्या रेघा होत्या.

जुनी माणसं भादरायच्या आधी मेंढरं ओढ्याला नेऊन धुवायची. मधल्या काळात ते बंद पडलं होतं, कारण हातकातरीला थोडी माती चालते. यंत्र आल्यावर आम्ही पुन्हा सुरू केलं. माण नदीत डोह असेल तेव्हा तिथं, नाहीतर शेततळ्याच्या पाइपानं. धुतल्यावर मेंढरं फुफाट्यात बसू द्यायची नाहीत, गवताळ पडीक रानात वाघर (जाळीचं कुंपण) लावायची आणि लोकर मुळापर्यंत वाळू द्यायची. वरून वाळलेली दिसते, बोट आत घातलं की ओल लागते. ओल्या लोकरीवर फणी अडते, कटरला गंज धरतो, आणि विजेचं यंत्र ओल्या अंगावर चालवणं तसंही बरं नाही. धुतलेल्या खांडात एक कटर न धुतलेल्याच्या जवळजवळ दुप्पट मेंढरं काढतं, हा माझा अनुभव. तात्या सुरुवातीला म्हणायचे, पाणी वाया घालवू नका. कटरचा भाव कळल्यावर तेच पाइप धरून उभे राहायला लागले.

भादरायच्या आदल्या संध्याकाळपासून चारापाणी बंद. पोट रिकामं असलं की मेंढरू आडवं केल्यावर धापत नाही आणि लेंडी-मुताचा राडा होत नाही. व्यायला झालेल्या मेंढ्या बाजूला काढायच्या.

पात्याची जोडणी हा नाजूक भाग, आणि पुस्तिकेत त्यावर चार ओळी असतात. फणी दोन स्क्रूंनी बसते, मागं-पुढं सरकवता येते. कटरची टोकं फणीच्या दातांच्या टोकापासून थोडी मागं राहिली पाहिजेत, जिथं खालचा उतार सुरू होतो तिथून किंचित अलीकडं. टोकं फार पुढं आली तर कातडी कापते, फार मागं राहिली तर लोकर दातांत साठते आणि कापली जात नाही. मग यंत्र हातानं फिरवून बघायचं, कटर डावीकडं आणि उजवीकडं सारखंच जातं का. एका बाजूला शेवटच्या दातावरून बाहेर गेलं आणि दुसऱ्या बाजूला अलीकडंच थांबलं तर फणी वाकडी बसली आहे.

त्यानंतर दाबाची चकती. वरचा काटा कटरला फणीवर दाबून धरतो आणि तो दाब एका गोल चकतीनं कमी-जास्त करता येतो. सगळ्यांचा ओढा दाब वाढवण्याकडं. लोकर ओढायला लागलं की आवळ, अजून आवळ. आवळल्यावर थोडा वेळ कापतंही. पण दाब वाढला की घर्षण वाढतं, पाती तापतात आणि धार निम्म्या वेळात जाते. दाब ढिलाच ठेवून सुरुवात करायची, यंत्र कापेनासं झालं की जरासं फिरवायचं, आणि दोनदा फिरवूनही कापत नसेल तर कटर बदलायचं. मधे पाच-सात मेंढरं झाली की तेल घालायचं, कटरच्या टोकांवर आणि काट्याच्या सांध्यात. आम्ही फणीला हाताची मागची बाजू लावून बघतो. चटका बसला तर ते यंत्र बाजूला, दुसरं कटर लावून पुढं. तापलेली फणी मेंढीच्या पोटावर ठेवली की ती लाथ झाडते, आणि लाथेबरोबर यंत्र हलतं.

एकदा भर दुपारी सगळीच कटर लोकर ओढायला लागली. एक बदललं, दुसरं बदललं, तेच. शेवटी आमच्यातल्या एकाला शंका आली आणि त्यानं वस्तीवरच्या दिव्याकडं बोट दाखवलं. व्होल्टेज पडलं होतं. दिवा पिवळा पडलेला आणि मोटर निम्म्या वेगानं फिरत होती. वेग पडला की कटरच्या दोन फेऱ्यांमधे फणी जास्त पुढं सरकते आणि लोकर कापण्याऐवजी उपटली जाते. पात्याचा काही संबंध नसतो. माळावर आता आम्ही भाड्याचा जनरेटर लावतो, आणि वायर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडतो.

धारेचं प्रकरण सगळ्यात लांबलं. बोथट झालेल्या फण्या-कटर घेऊन मी गावोगाव फिरणाऱ्या धारवाल्याकडं गेलो. त्यानं कटर हातात फिरवून बघितलं आणि सरळ सांगितलं, "हे माझ्या चाकाचं काम न्हाय." त्या माणसाचे उपकार. चाकू-कात्रीला कडेवर धार लावतात, चाकाच्या गोल अंगावर. कटरला तशी धार लावली तर ते फुकट जातं, कारण त्याची कड घासायचीच नसते. घासायचा तो सपाट चेहरा, जो फणीवर टेकतो. चेहरा नीट झाला की कड आपोआप येते.

तो चेहरा पूर्ण सपाटही नसतो. जात्याच्या दोन तळ्या जशा कडेला टेकतात आणि मधे जरा पोकळ असतात, तशी फणी आणि कटर टोकाला आणि टाचेला टेकतात, मधे केसाएवढी फट असते. ही फट असली तर दाब कमी लागतो आणि पाती तापत नाहीत. ही पोकळी देण्यासाठी धार लावायची तबकडी मुळातच किंचित निमुळती कातलेली असते, मधे उंच आणि कडेकडं उतरती. उतार इतका थोडा की डोळ्याला दिसत नाही, पट्टी ठेवून उजेडाकडं बघितलं तर कळतो.

तयार धारयंत्र महाग. विट्याला यंत्रमागांमुळं लेथवाले चांगले आहेत. त्यांतल्या एकाकडं अविकानगरहून मागवलेलं मापाचं चित्र घेऊन गेलो. त्यानं ओतीव तबकडी कातून दिली आणि एक जुनी सिंगल फेज मोटर जोडली, मिनिटाला साधारण २,८८० फेऱ्यांची. तबकडीवर एमरीचा कागद चिकटवायचा. कागदाखाली हवेचा एक जरी फुगा राहिला तरी पात्यावर लाट उमटते, म्हणून चिकटवल्यावर वर फळी ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवतो. पातं हातानं धरायचं नाही, लोखंडी दांड्याला अडकवलेल्या लोहचुंबकानं धरायचं. तबकडीच्या ज्या बाजूला फिरण्याची दिशा खाली जाते तिथंच टेकवायचं, नाहीतर पातं उडून तोंडावर येतं. डोळ्यांना चष्मा हवाच.

धार लावायच्या आधी पाती सोड्याच्या गरम पाण्यात ब्रशनं घासून तेल काढून टाकतो, नाहीतर एमरी भरून जाते. मग टेकवताना बघायचं ते ठिणग्यांकडं. फणीच्या सगळ्या दातांवरून सारख्या ठिणग्या उडाल्या पाहिजेत. एका बाजूला जास्त उडत असतील तर मनगट तिकडं झुकलंय. एकदम जोर द्यायचा नाही. पातं निळं पडलं तर त्या जागचं पाणी उतरलं, ती जागा पुन्हा धार धरत नाही. जुना ओरखड्यांचा थर पूर्ण जाऊन चेहरा एकसारखा झाला की थांबायचं. उगाच जास्त घासलं तर आयुष्य कमी, आणि कटर पातळ झालं की काट्याची उंची पुन्हा जुळवावी लागते.

तबकडीवरून काढल्या काढल्या फणीच्या दातांची टोकं सुईसारखी तीक्ष्ण झालेली असतात. तसंच यंत्राला लावलं तर मेंढीच्या अंगावर ओरबाडे उठतात. बारीक एमरीनं प्रत्येक टोक हलकंसं गोल करायचं, बोटाच्या पेरावरून फिरवून बघायचं, खरखर लागली नाही पाहिजे. हे काम माझ्या चुलतबहिणीकडं आहे, तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं. तपासणीसाठी मी कटर फणीवर ठेवून दोन्ही उजेडाकडं धरतो. टोकाला आणि टाचेला काळोख, मधे उजेडाची बारीक रेघ. रेघ टोकाकडं सरकली असेल तर पुन्हा तबकडीवर. मग लोकरीचे चार-पाच तंतू दोन्हींच्या मधे धरून कटर हातानं एकदाच सरकवायचं. सगळे तंतू तुटले तर ठीक. एखादा दुमडून तसाच राहिला तर कुठल्या दाताशी राहिला ते बघायचं.

यंत्र आलं तरी आबांची हातकातर घरात आहे आणि चालतीही आहे. लोहाराकडून घडवून घेतलेली, वीतभर लांब पात्यांची. तिची धार आबा दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. कुरुंदाच्या दगडावर बाहेरच्या उताराला चार हात, तेही एकाच दिशेनं, आणि आतला सपाट चेहरा दगडाला लावायचाच नाही. आत बारीक कंगोरा आला असेल तर तो काढण्यापुरतं एकदा सपाट फिरवतात, बस. मेंढ्याच्या शिंगांभोवती, कानामागं, पायांच्या सांध्यात आणि सडांच्या जवळ अजूनही तीच कातर चालते. तिथं यंत्र नेणं मला पटत नाही.

थंडीच्या कातरणीला तर आबांचंच खरं. यंत्र लोकर अगदी कातडीजवळून काढतं. हातकातरीखाली बोटाच्या पेराएवढा थर अंगावर राहतो. आमच्या माळावर रात्री वारं सुटलं की उघडी पडलेली मेंढरं एकमेकांत घुसून थरथरतात, आणि लगेच सर्दी-खोकला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डोंगरातल्या काही मेंढ्या आजही हातकातरीनं भादरतात ते याचसाठी, अंगावर थर राहावा म्हणून. तसा थर राखणारी उंच फणीही मिळते, तिचे दात खालून जाड असतात. सध्या आमचा तोडगा असा की उन्हाळ्यात यंत्र, आणि थंडीच्या वेळी दुबळी मेंढरं आणि कोकरं हातकातरीला.

जखमा होतातच, कितीही सांभाळलं तरी. भादरताना झालेल्या जखमेतून धनुर्वात होऊ शकतो, माश्या बसून किडे पडतात. आणि गाठींचा एक आजार असतो, कानाखाली आणि खांद्याशी पुवाच्या गाठी येतात. एखादी गाठ पात्याखाली फुटली तर त्याच पात्यानं तो पुढच्या मेंढरांच्या जखमेत जातो. म्हणून गाठीची मेंढरं शेवटी भादरायची आणि त्यानंतर फणी-कटर काढून साबणानं धुऊन जंतुनाशकात बुडवायचं. दुसऱ्याच्या खांडातून यंत्र परत आलं तरी हेच. आयोडिनची बाटली आम्ही तेलाच्या बाटलीशेजारीच ठेवतो, म्हणजे विसरत नाही.

पाती चांगली आहेत की नाही याचा दाखला मला भलत्याच ठिकाणी मिळाला. आमची लोकर घेणारे एक सनगर मामा आहेत, अजून मागावर घोंगडी विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून. यंत्रावरची पहिली लोकर त्यांच्याकडं नेली तेव्हा त्यांनी गोणीत हात घातला, मूठभर लोकर बाहेर काढली, दोन्ही हातांनी फाकवली आणि झटकली. जमिनीवर अर्ध्या बोटाएवढ्या तुकड्यांचा सडा पडला.

"यात सूत कमी आन् केर लई," ते म्हणाले. "एकाच जागेवरनं दोनदा चालवलंय तुमी."

पहिल्या वेळी लोकर नीट कापली गेली नाही की माणूस त्याच जागेवरून पुन्हा यंत्र फिरवतो, आणि राहिलेले बुंधे तुकडे होऊन निघतात. कातताना ते तुकडे पिळात टिकत नाहीत, गळून पडतात. दख्खनी लोकर आधीच आखूड, तिचे आणखी तुकडे केल्यावर उरतं काय? मामांनी भाव कमी केला नाही, पण पुढच्या वेळी असली आणू नका म्हणाले. त्यानंतर मी कटर बदलायची खूण बदलली. पूर्वी यंत्र अडायला लागलं की बदलायचो. आता भादरणाऱ्यानं एका जागेवरून दुसऱ्यांदा हात फिरवायला सुरुवात केली की बाजूला बसलेला माणूस "कटर" म्हणून ओरडतो, आणि कटर बदललं जातं. पुढच्या खेपेला मामांनी मूठ झटकली तेव्हा तुकडे पडले, पण मोजके. ते काही बोलले नाहीत. त्यांनी गोणी उचलून आत ठेवली.

हंगाम संपला की फण्या आणि कटर धुऊन, वाळवून, धार लावूनच ठेवायची. बोथट ठेवली तर पुढच्या वेळी ऐन घाईत धार लावत बसावं लागतं. हे पोलाद गंजणारं आहे, स्टेनलेस नाही. तेल चोळून, जुन्या सुती कापडात एकेक गुंडाळून, झाकणाच्या डब्यात. प्रत्येक फणीबरोबर तिचीच कटर बांधतो, कारण एकत्र झिजलेली जोडी एकमेकांवर नीट बसते. माडग्याळी मेंढ्यांना लोकर फारशी नसते, म्हणून आणि मटणाला वजन धरतात म्हणून आमच्या भागात बरेच जण दख्खनी सोडून त्यांच्याकडं वळलेत. आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात ते सरळ दिसतं. त्यांना या डब्याचं काही कौतुक नाही.

उरलेल्या दख्खनीवाल्यांचे मात्र यंत्र मागायला फोन येतात. देतो. खांड धुतलेलं आणि वाळलेलं असलं पाहिजे, जनरेटर त्यांनी आणायचा, आणि पात्यांचा डबा घेऊन आमच्यातला एक जण सोबत येणार. गेल्या वेळी एका पाव्हण्यानं विचारलं, "यंत्र देता, मग डबा का धरून बसता?" आबांनी त्याला आपली हातकातर दाखवली आणि विचारलं, "ही तुला दिली असती का मी?"